कॅनडाच्या खेळाडूंचा हॉर्नबीतला कैवारी

ख्राइस्टचर्चमध्ये एक तर रग्बी असते, नाहीतर रग्बीची चर्चा असते. अशा गावात, त्यातही हॉर्नबीसारख्या कारखाने आणि गोदामांच्या भागात, गुरुदत्त मोघे हा कॅनडाच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा एकनिष्ठ चाहता म्हणून राहत होता. हा फुटबॉल पायाने नव्हे, अमेरिकन फुटबॉलसारखा चेंडू हातात घेऊन पळत खेळायचा. आमच्या महाराष्ट्र मंडळात कुणी चांगलं गातं, कुणाच्या पुरणपोळ्या नावाजलेल्या आहेत. गुरुदत्तचं हे होतं. माझं घर त्याच्या शेजारी, त्यामुळे त्यातलं सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला आलं.

न्यूझीलंडला येण्याआधी तो कॅनडात रेजायनाला शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होता. तिथले लोक म्हणे कलिंगड पोखरून टोपीसारखं डोक्यावर घालतात आणि मॅचला जातात. यानेही घातलं होतं. डोक्यावर कलिंगड घेऊन थंडीत कुडकुडणाऱ्या गुरुदत्तचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात गणपतीच्या फोटोशेजारी लावलेला होता. 'दहा यार्ड पुढे सरकायला अमेरिकन फुटबॉलमध्ये चार संधी, आपल्याकडे तीनच!' हे तो इतक्या अभिमानाने सांगायचा, की चौथी संधी त्याने स्वतःच नाकारली असावी असं वाटायचं.

एक अडचण होती. न्यूझीलंडच्या टीव्हीवर हा खेळ दिसत नसे. त्यामुळे त्याला हंगामापेक्षा हंगाम संपल्यानंतरचे महिने जास्त प्रिय होते. हंगामात कॅनडातली माणसं मॅच बघून बोलायची आणि हा न बघता बोलायचा. हंगाम संपला की मॅच कुणालाच दिसत नाही, सगळे एका पातळीवर येतात. डिसेंबर उजाडला की इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या फोरमवर 'हॉर्नबीगुरू' या नावाने तो जे सुरू व्हायचा, ते मे महिन्यापर्यंत थांबायचं नाही. तिथली रात्र म्हणजे आमची दुपार. म्हणजे हे सगळं कंपनीच्या वेळात, कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालायचं.

२००६ चा जानेवारी आला आणि फोरमवर एकच विषय पेटला. संघांच्या पगाराला कमाल मर्यादा घालायची की नाही, खेळाडूंच्या युनियनने काय करावं, वेळ आली तर संप करावा का. प्रत्यक्षात काय चाललंय हे फोरमवर कुणालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून चर्चेला भलताच जोर चढला. गुरुदत्त खेळाडूंच्या बाजूने उभा राहिला. उभा म्हणजे खुर्चीत बसून, पण काय उभा राहिला! हिवाळ्यात सोफे पोचवण्याचं काम करणाऱ्या कुणा खेळाडूची हकिगत वाचून त्याने लांबलचक पोस्ट लिहिली. जेवताना तो स्वतःची पोस्ट बायकोला आणि मुलीला वाचून दाखवायचा. 'एक जण फुटला की सगळे मेले! संप चालू असताना आत जाऊन काम करणारा माणूस माझ्या लेखी माणूसच नाही!' आम्ही कधी जेवायला असलो की आम्हालाही ऐकावं लागायचं. प्रेअरीबॉब नावाचा एक म्हातारा गव्हाचा शेतकरी फोरमवर सगळ्यांचा आजोबा होता. त्याने 'गुरू, तू खरा माणूस आहेस' असं लिहिलं, तेव्हा गुरुदत्तने त्याचा प्रिंट काढून मला आणून दाखवला.

आता वासंतीवहिनींबद्दल सांगायला हवं. गुरुदत्तच्या या बायको पुण्याला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. इथे त्या शिक्षणाचं काय करायचं ते कुणी सांगेना. शेवटी गुरुदत्त ज्या कंपनीत होता, तिथेच त्यांना पॅकिंगच्या लाइनवर काम मिळालं. कंपनी प्लॅस्टिकचे डबे बनवायची. नवरा वरच्या मजल्यावर डब्यांच्या साच्यांची डिझाइन करायचा, बायको खाली डबे खोक्यात भरायची. दोघं एकाच गाडीतून जायची, एकाच गाडीतून यायची. गेटच्या आत शिरलं की मात्र गुरुदत्तला ती फारशी दिसत नसे. त्याला वरच्या मजल्यावरून कॅनडा दिसायचा.

मागच्या हिवाळ्यात वहिनींच्या सुपरवायझरने आदल्या संध्याकाळी त्यांची शिफ्ट बदलली. दुसऱ्या दिवशी त्यांची आठ वर्षांची स्वानंदी शाळेच्या फाटकाशी पावसात उभी राहिली, माझी बायको तिला घेऊन आली तोपर्यंत. लाइनवरच्या कामगारांची प्रतिनिधी मेरे नावाची एक धिप्पाड माओरी बाई होती. ती दुसऱ्या सकाळी ऑफिसात जाऊन टेबलाशी उभी राहिली आणि सुपरवायझरने माफी मागेपर्यंत हलली नाही. त्याच दिवशी वासंतीवहिनी युनियनच्या सभासद झाल्या.

गुरुदत्तला ते मुळीच आवडलं नाही. "वासंती, आपण स्किल्ड मायग्रंट आहोत," तो म्हणाला. "युनियन वगैरे आपल्यासाठी नसतं. आपण बाहेरून आलेली माणसं, मान खाली घालून काम करायचं." हे त्याचं एकट्याचंच मत होतं असं नाही. मंडळात निम्म्या लोकांचं तेच होतं. आमच्या लोकांना साहेबाने नुसतं 'मेट', म्हणजे मित्रा, म्हटलं, तरी आपण डायरेक्टर झाल्यासारखं वाटतं.

आणि नेमक्या त्याच जानेवारीत कंपनीने नव्या करारात कलम घातलं, की एका दिवसाच्या सूचनेवर शिफ्ट बदलता येईल. युनियनचं म्हणणं, आठवडाभर आधी सांगा. बोलणी फिसकटली. मतदान झालं आणि संप ठरला. वासंतीवहिनींनी हात वर केला होता.

इथल्या कायद्यात एक गंमत आहे. संपावर गेलेल्याचं काम कंपनीतल्या दुसऱ्या माणसावर लादता येत नाही. तो स्वतः राजी असेल, तरच त्याला ते देता येतं. म्हणून मॅनेजर ग्रेगने गुरुदत्तला बोलावलं. हे मला गुरुदत्तनेच कुंपणाशी उभं राहून सांगितलं.

"ग्रेग म्हणाला, मेट, थोडे दिवस पॅकिंगला हात लावशील का? नो प्रेशर."

"मग तू काय म्हणालास?"

"स्वीट ॲज, आनंदाने करतो म्हटलं. साहेबाला तोंडावर नाही कसं म्हणणार? शिवाय डिझाइन लीडची जागा रिकामी होते आहे."

"अरे, वहिनींच्या लाइनवर?"

"ती लाइन कंपनीची आहे," तो म्हणाला.

माझा पारा चढला. "आणि कॅनडातल्या लोकांना रोज कोण सांगत होतं, की आत जाणारा माणूसच नाही म्हणून?"

गुरुदत्तने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "ती प्रोफेशनल लीग आहे. इथला कॉन्टेक्स्ट वेगळा आहे. तुला त्या खेळातलं काही कळत नाही, म्हणून तू गल्लत करतोस."

मी औषधांच्या दुकानात दिवसभर माणसांना शांतपणे गोळ्या समजावून सांगतो. त्या दिवशी मात्र मला कुंपणावरून हात घालून याची मानगूट धरावीशी वाटली.

संपाच्या पहिल्या सकाळी माझं दुकान उशिरा उघडायचं होतं, म्हणून मी गेटवर चहाचा थर्मास घेऊन गेलो. मोघ्यांची एकच गाडी. नेहमीसारखी दोघं त्याच गाडीतून आली. मागच्या सीटवर दोघांचे जेवणाचे डबे शेजारी शेजारी, तेही वासंतीवहिनींनीच भरलेले. गेटबाहेर गाडी थांबली. त्या उतरल्या, आपला डबा घेतला, नवऱ्याचा डबा पुढच्या सीटवर ठेवला आणि मेरेच्या हातातून फलक घेतला. उतरताना त्यांनी एकदा गाडीत बघितलं. गुरुदत्त आरशात बघत होता. मग गाडी हळूच संपकऱ्यांच्या मधून आत गेली. कुणी ओरडलं नाही. मेरेने नुसते दोन्ही हात छातीवर बांधले.

संक्रांत नुकतीच झाली होती आणि रथसप्तमी यायची होती. वहिनींनी तिळाच्या लाडवांचा डबा आणला होता. मेरेला लाडू दिला, लाइनवरच्या पोरांना दिला, मग बाहेर आलेल्या ग्रेगपुढेही धरला. "आमच्यात हा लाडू देऊन सांगतात, गोड बोला," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पण शिफ्टचं आठवडाभर आधी बोला." ग्रेगने लाडू घेतला आणि खिशात ठेवला. आत जाऊन खाल्ला असावा.

आत गुरुदत्त दिवसभर डबे भरत होता. झाकणं आणि डबे वेगवेगळ्या सरकत्या पट्ट्यांवरून येतात, ते जुळवून खोक्यात घालायचे. हा माणूस त्या डब्यांच्या झाकणाची कड किती मिलिमीटर असावी हे ठरवायचा. पण पट्टा आपल्यासाठी थांबत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि पॅकिंगच्या लाइनवर कॉम्प्युटर नसतो. म्हणजे कॅनडात लोक जेवून फोरमवर जमले, तेव्हा गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच हॉर्नबीगुरू तिथे नव्हता.

पण त्याच्या नावाने कुणीतरी होतं.

वासंतीवहिनी दुपारी तीनला मेरेच्या गाडीतून घरी आल्या. घरच्या कॉम्प्युटरवर फोरम उघडाच होता, कारण गुरुदत्त तो कधी बंद करत नसे. त्याच्या नावाखाली त्यांनी इंग्रजीत चार वाक्यं लिहिली. मी ती नंतर वाचली. 'मी गुरूची बायको. आमच्या कंपनीत आज संप आहे आणि मी संपावर आहे. गुरू आज उत्तर देऊ शकणार नाही, कारण तो माझ्या जागेवर माझं काम करतो आहे. खेळाडूंना शुभेच्छा.' झालं. मग उठून त्यांनी कुकर लावला.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास गुरुदत्त आमच्या दारात उभा राहिला. तोंडावर रक्त नाही, बोटांना चिकटपट्ट्या.

"माझी अब्रू गेली," तो म्हणाला.

"कुठे?"

"कॅनडात!"

त्याने मला ओढत नेऊन स्क्रीन दाखवला. फोरमवर आगडोंब उसळला होता. ज्यांना मर्यादा हवी होती ते आणि ज्यांना नको होती ते, सगळे एक झाले होते. इतकी एकजूट तिथे कधीच झाली नव्हती. कुणी त्याचं नाव बदलायला सांगत होतं, कुणी त्याच्या डोक्यावरचं कलिंगड परत मागत होतं. प्रेअरीबॉबने मात्र एकच ओळ लिहिली होती : 'गुरू, हे खरं आहे का?' त्या ओळीवर बोट ठेवून गुरुदत्त लहान मुलासारखा रडायला लागला. मला वाईट वाटलं. आणि रागही आला, कारण वासंतीवहिनी दोन हातांच्या अंतरावर ओट्याशी भाजी चिरत होत्या आणि तो त्यांच्याकडे पाठ करून रडत होता.

"घरात काय गेलं, त्याचं काही?" मी विचारलं.

त्याला ऐकूच आलं नाही. तो बॉबला उत्तर लिहायला बसला होता.

संप पुढे मिटला. आठवडाभर आधी शिफ्ट सांगायचं कंपनीने कबूल केलं. डिझाइन लीडची जागा ग्रेगने बाहेरून माणूस आणून भरली. हे सगळं नंतरचं. मला आठवते ती संपाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

मी थर्मास घेऊन पोचलो तेव्हा मोघ्यांची गाडी गेटबाहेर उभी होती आणि गुरुदत्त खाली उतरलेला होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो तडक मेरेकडे गेला, "किया ओरा" असा माओरीत नमस्कार केला, आणि आपल्यालाही फलक मिळेल का असं विचारलं. मेरेने वासंतीवहिनींकडे बघितलं. वहिनींनी होकाराची मान हलवली. मेरेने फलक दिला.

मला अगदी भरून आलं, खोटं कशाला सांगू. उशिरा का होईना, आला म्हटलं. तेवढ्यात गुरुदत्तने खिशातून डिजिटल कॅमेरा काढून माझ्या हातात दिला.

"एक फोटो काढ," तो म्हणाला. "मागचं कंपनीचं नाव आलं पाहिजे. आणि आजची तारीख आली पाहिजे. वासंती, तूही ये. शेजारी उभी राहा."

वासंतीवहिनी जागच्या हलल्या नाहीत. "हा फोटो कुणासाठी?"

"फोरमवर टाकतो. म्हणजे बॉबला कळेल, मी बाहेर आहे म्हणून."

"काल गाडीतून उतरताना मी तुझ्याकडे बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "तू आरशात बघत होतास. आज बॉबने विचारलं म्हणून आलास."

"अगं, तू तरी कुठे म्हणालीस, आत जाऊ नकोस म्हणून? एकदा सांगायचंस तरी!"

त्या गेटजवळ मराठी समजणारी आम्ही तिघंच होतो. वासंतीवहिनींनी आवाज चढवला नाही.

"हे मला सांगावं लागावं?"

मी कॅमेरा बंद करून त्याच्या खिशात परत सरकवला. वहिनी फलक घेऊन रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि मेरेशेजारी उभ्या राहिल्या. गुरुदत्त दिवसभर उन्हात या टोकाला उभा होता, आणि तो तिथे आहे हे कॅनडात कुणालाही कळलं नाही.