गव्हर्नरसाहेबांची खोली

नाशिकच्या बड्या लोकांना एक मोठं दुःख होतं. आपल्या गावात मुंबईसारखं एकही आलिशान, जुनं हॉटेल नाही. घाट होते, देवळं होती, द्राक्षं होती. पण बाहेरचा पाहुणा रुबाबात उतरवावा असं काही नव्हतं. हे दुःख एका हॉटेलमालकाने दूर केलं. कसं केलं ते मी जवळून पाहिलं, कारण त्या कामाचे नकाशे मी काढले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले होते. वडील सरकारी कचेरीत कारकून. आमच्या बौद्ध कॉलनीतून नकाशे आखायची लांब पट्टी, म्हणजे टी-स्क्वेअर, घेऊन सिटी बसने कामाला जाणारी मी पहिलीच मुलगी, त्यामुळे आई मला रोज बसस्टॉपपर्यंत सोडायला यायची. माझे साहेब मुंबईत शिकलेले. तोंडात कायम पाइप, आणि तो बहुतेक वेळा विझलेला.

हॉटेल म्हणजे मुळात कुणा इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला. काळ्या दगडाच्या जाड भिंती, सागाचा जिना, मंगलोरी कौलं, भिंतीत उंचावर झरोके आणि तिन्ही बाजूंनी खोल व्हरांडा. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत पाय ठेवला की अंग निवायचं. बांधणाऱ्याला आपलं काम समजत होतं. मालकाच्या वडिलांनी स्वातंत्र्यानंतर तो घेतला आणि त्याचं साधं, नीटनेटकं हॉटेल केलं. मुलाला मात्र त्या साधेपणाची लाज वाटायची.

पहिल्या दिवशी त्याने आम्हाला व्हरांड्यात बसवलं आणि मला विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"अच्छा, अच्छा," म्हणत तो आत जाऊन आला. मग साहेबांचा चहा सोनेरी काठाच्या कपबशीत आला आणि माझा काचेच्या ग्लासात. साहेबांनी ते पाहिलं आणि लगेच समोरच्या गुलमोहराचं कौतुक सुरू केलं. मी चहाला हात लावला नाही. टेप काढली आणि मापं घ्यायला उठले.

बंगल्याच्या मागे एक लांबट, बसकी इमारत होती. मालक तिथे आम्हाला अगदी देवळात न्यावं तसा घेऊन गेला. "ही आमची खास चीज. गव्हर्नरसाहेब शिकारीला आले की इथेच मुक्काम. त्यांना शांतता लागायची ना!"

फरशी एका बाजूला उतरती होती. भिंतीच्या पायथ्याशी दगडी पन्हळ, आणि भिंतीत ओळीने लोखंडी कड्या. मी विचारलं, "या कड्या कशाला?"

"मच्छरदाणी बांधायला," मालक म्हणाला. त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

तो पुढे गेल्यावर साहेब हळूच हसले. "तबेला आहे हो हा. कळलं ना तुम्हाला?"

"मग सांगा की त्यांना."

"कशाला उगाच? नकाशावर 'गव्हर्नर सूट' लिहा. मोठ्या अक्षरांत."

मी लिहिलं. ती माझी नोकरी होती.

पुढचं वर्षभर त्या बंगल्याची विटंबना चालली होती. मालकाला महाल हवा होता. समोरचा व्हरांडा तोडून तिथे गोल खांब उभे राहिले. आत वीट, वर प्लास्टर, त्यावर संगमरवरासारख्या दिसाव्यात म्हणून निळसर रेघा. झरोके बुजवून त्यांवर सोनेरी नक्षी चिकटवली. पोर्चवर लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेला घुमट बसला, आणि घुमटाच्या दोन्ही बाजूंना एकेक सिंह. सिंहांची तोंडं मांजरासारखी झाली होती. "सर, व्हरांडा गेला तर खोल्या तापतील," असं मी एकदा म्हणाले होते. साहेबांनी पाइप झटकला. "लोक फोटो काढतात, बाई. सावलीचा फोटो निघत नाही."

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा, भर उन्हाळ्यात, उद्घाटन झालं. डॉक्टर, वकील, कॉलेजचे प्राध्यापक, लासलगावचे कांद्याचे व्यापारी, सगळ्यांना बोलावलं होतं. मालक या व्यापाऱ्यांना पाठीमागे 'कांदेवाले' म्हणायचा, पण हॉटेल चालायचं ते त्यांच्याच लग्नांवर. त्या दिवशीचं मोठं आकर्षण होती एक म्हातारी इंग्रज बाई. लहानपण याच बंगल्यात गेलं म्हणून ती विलायतेहून तो पाहायला आली होती, आणि मालकाने तिला हार घालून प्रमुख पाहुणी करून टाकलं होतं. बाई नव्या खांबांकडे पाहून गोंधळली होती. आपण चुकीच्या पत्त्यावर तर आलो नाही ना, असं तिने दोनदा विचारलं.

सगळी वरात मग गव्हर्नर सूटकडे गेली. आत मखमली पडदे, झुंबर, चार खांबांचा पलंग. बाई दारात थबकली. मग तिची नजर भिंतीकडे गेली. एक कडी जागेवर ठेवली होती, पितळी मुलामा देऊन. ती भराभर चालत गेली, कडीवर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. इंग्रजीत म्हणाली, "इथे माझं तट्टू बांधलेलं असायचं! पांढरं होतं. रोज सकाळी मी त्याला इथे गाजर भरवायचे."

खोलीतल्या निम्म्याअधिक लोकांना इंग्रजी उत्तम येत होतं. कुणी छताकडे पाहिलं, कुणी रुमाल काढून मान पुसली. मालक पुढे झाला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मॅडम सांगतायत, गव्हर्नरसाहेब इथेच राहत होते. त्यांना सगळं आठवतंय!"

टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनी वाजवल्या, वकिलांनी वाजवल्या. माझ्या साहेबांनी पाइप दातांत धरून दोन्ही हातांनी वाजवल्या. म्हातारी बिचारी डोळे पुसत हसत होती. तिला वाटलं, या टाळ्या तट्टूसाठी आहेत.

मी मागे भिंतीशी उभी होते. ठरवून काही केलं नाही, पण आवाज आपसूक मोठा निघाला. "गव्हर्नर नाही, घोडं. त्यांचं घोडं इथे बांधायचे, असं म्हणतायत त्या."

टाळ्या थांबल्या. मग लासलगावचा एक धिप्पाड व्यापारी पोट धरून हसायला लागला. "घोडं व्हय? उद्घाटनाच्या आधीच जावयाला उतरवलं होतं मी हितं! लय खूश झाला होता!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही क्लायंटचा अपमान केलात."

"मी भाषांतर केलं, सर."

"तुम्हाला मोठ्या लोकांत वावरायचं वळण नाही."

"नाही," मी म्हणाले, "आणि ते बरंच झालं." टी-स्क्वेअर माझा स्वतःचा होता, तो घेऊन निघाले. घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि ती बाई? टाळ्या कशाला पडल्या ते तिला कुणी सांगितलं का नीट?" कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे काही महिन्यांनी मला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी लागली. तिथे शाळा आणि दवाखान्यांचे नकाशे असत. त्यांत घुमट नसायचे.

हॉटेलचं काही बिघडलं नाही. वर्तमानपत्रात गव्हर्नरांचाच मजकूर आला आणि सूटला मागणी वाढली. खोल्या मात्र खरोखरच भट्टीसारख्या तापायला लागल्या. प्रत्येक खिडकीत कूलर आले, कूलरच्या पाण्याने भिंतींना ओल धरली, संगमरवराचे पोपडे निघाले. दशक सरता सरता मालक कंटाळला आणि सगळं पाडून त्याने दुकानांचं कॉम्प्लेक्स उठवलं.

मग गावाला गहिवर आला. एका वाचनालयात शोकसभा झाली आणि मी मुद्दाम गेले. अध्यक्ष माझे जुने साहेब. आपण एक अनमोल वास्तू गमावली, म्हणाले. गव्हर्नर सूटचा उल्लेख करताना त्यांनी तोंडातला पाइप काढून हातात धरला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते सगळे पहिल्या रांगेत माना डोलवत बसले होते. व्हरांड्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. सभेनंतर बटाटेवडे होते, चांगले गरम. मी दोन खाल्ले आणि बस पकडली.