ज्योतिबानं न सांगितलेला शेवट

त्या सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. सांगून कुणाला आठवणार नाही आणि मग माझंच डोकं फिरेल. चौऱ्याहत्तर साली कराडात तो आठवडाभरही टिकला नाही. ज्या कादंबरीवरून काढला ती वाचलेल्या शहाण्यांनी नाकं मुरडली, न वाचलेले फिरकलेच नाहीत. आमच्या टूरिंग टॉकीजचा ऑपरेटर ज्योतिबा मात्र तो तीनदा बघून आला. कादंबरी त्यानं आधीच वाचली होती, तीही वाचनालयाची मुदत संपवून.

ज्योतिबा फौजेत जवानांना सिनेमे दाखवायचा, तिथंच मशीन शिकला. पेन्शन घेऊन आल्यावर घरचा ऊस भावावर सोपवून तो आमच्या तंबूत आला. मी दारावर तिकिटं फाडायचो. मशीन एकच, त्यामुळं दर रिळानंतर खेळ थांबायचा, दिवा लागायचा. दुसऱ्या तंबूंत लोक तेवढ्या वेळात शिट्ट्या मारत. आमच्याकडं ज्योतिबा रीळ बदलता बदलता भोंग्यातून बोलायचा. मागं काय झालं, पुढं काय होणार, सगळं. ते ऐकायला लांबच्या धनगरवाड्यांवरून माणसं चालत यायची. मी पुष्कळ ऑपरेटर बघितले, असा दुसरा नाही.

हा सिनेमा आटपाडीकडच्या जत्रेत लावायचाच, असा हट्ट त्यानं धरला. मालक बाळासो भडकले.

"कराडात आपटल्यालं पिच्चर मेंढरं राखणाऱ्यास्नी दावतोस व्हय रं?"

"त्यास्नीच कळंल, मालक. न्हाई चाललं तर मशीनला हात लावणार न्हाई मी."

"बग हां. मग तंबूच्या खुंट्या ठोकाय लावीन."

त्या मशीनवर ज्योतिबाचा जीव होता. एका सिनेमासाठी त्यानं तेच पणाला लावलं, म्हणून मला ज्योतिबाचा रागच आला.

गोष्ट सिनेमाच्या धंद्याचीच. एक बाई नायिकेच्या जागी घोड्यावरून उड्या मारते. पडद्यावर दिसते हिची पाठ, नाव होतं नायिकेचं. म्हातारपणी ती एका तंबूत तोच जुना सिनेमा बघायला बसते. कादंबरीत ती उठून ओरडते, "ती मी आहे!" आणि लोक हसतात. सिनेमावाल्यांनी ते ओरडणंच गाळलं होतं. शहाण्यांचा सगळा राग त्यावर.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. तंबू गच्च भरलेला. ज्योतिबानं दर रिळाला गोष्ट उलगडून सांगितली. बाईचा पाय मोडतो आणि हार नायिकेच्या गळ्यात पडतो, तेव्हा बायकांच्या बाजूची चुळबुळ थांबली. आता शेवटचं रीळ राहिलं. एरवी ज्योतिबानं शेवट सांगितला की निम्मे लोक गाड्या जुंपायला उठत. दिवा लागला. ज्योतिबा बोलेना.

"बोल की रं ज्योतिबा! पुडं काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

त्यानं भोंगा बंद केला. मी पळत त्याच्याकडं गेलो. "आरं, लोक भडकत्याल गड्या! सांग की."

"ह्ये सांगायचं न्हाई," एवढंच म्हणाला आणि शेवटचं रीळ बसवायला लागला.

पडद्यावर ती म्हातारी गर्दीत बसलेली. समोर तिचीच तरणी पाठ घोड्यावर. शेजारची माणसं नायिकेची वाहवा करतायत. म्हातारी काही बोलत नाही. पदर सारखा करते आणि बघत राहते. आमच्या तंबूत कुणी हललं नाही. बाळासो रिळांच्या पेटीजवळ उभे होते. पेटी परत पाठवायची म्हणून बांधायला दोरी घेऊनच आले होते.

तेवढ्यात बायकांतून साळूबाई उठली. जन्मभर मेंढरांमागं फिरलेली म्हातारी. हात वर करून ती पडद्याकडं ओरडली, "आगं बोल की! ती तूच हाईस म्हनून सांग की त्यास्नी!"

कुणी हसलं नाही. तिच्या मागून आणखी दोघी ओरडल्या, मग गडीही.

ज्योतिबाच्या डोळ्यांना धार लागली होती. "गाळल्यालं वाक्य हितं आलं बग," तो मला म्हणाला.

बाळासोंनी दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली.

"उद्या बी ह्योच लाव," ते म्हणाले. "आन् शेवट सांगू नगंस."