सरळ ओरखडा

मोबाईलवर ओरखडा दिसला, तर घरातल्या कुणाचं नाव तुमच्या तोंडी आधी येतं?

मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, ज्यांच्याबरोबर पत्रकं वाटत मोठा झालो त्या मित्रांना तर नाहीच. आमच्या घरी खेळणी कमी, पत्रकं जास्त. बाबांनी युनियनमधून आणलेल्या गठ्ठ्यांवर मी वाचायला शिकलो. खरं बोलायचं, छातीठोक बोलायचं — ते तरी मला येतं, असं मी समजत होतो.

कॉलेज करता करता मी सिल्व्हर पार्कातल्या एका दुकानात बटणांच्या मोबाईलना स्क्रीनगार्ड लावायचो. काय नशा होती त्या कामाची — कशी सांगू? प्लॅस्टिकच्या मोठ्या तावातून मापाचा तुकडा कापायचा, स्क्रीन पुसायची, एका कडेने फिल्म टेकवायची आणि कार्डाने हवा ढकलत न्यायची. एकही बुडबुडा राहिला नाही की माझं काळीज उड्या मारायचं. नियम एकच — तुकडा पुठ्ठ्यावर कापायचा, मोबाईलवर ठेवून कधीच नाही.

एलिझामावशी समुद्राकाठच्या डोंगरी गावाहून आमच्या नाक्यावर मासे विकायला यायची. बोटीवर नोकरीला असलेल्या मुलाने तिला नवा मोबाईल धाडलेला. माशांच्या पाण्याने खराब होईल म्हणून ती गार्ड लावायला आली. माझं ब्लेड चालताना बघून म्हणाली, "बाबा, माज्या पाटीवर येऊन बस. सुरमई झकास कापशील."

मी फुललो. तिला आणखी दाखवावं म्हणून ताव थेट मोबाईलवर ठेवला आणि ब्लेड ओढलं. ते खाली स्क्रीनमध्ये रुतलं — हाताला कळलं. मग? मग तो तुकडा फेकला, थोडा मोठा कापला आणि वरून दाबून बसवला. फिल्मखाली ओरखडा दिसेनासा होतो.

चार महिन्यांनी ती गार्ड बदलायला आली. मी जुना सोलला आणि ओरखडा वर आला — पट्टीने आखल्यासारखा.

"हा कुनी केला?"

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "नखाने होतं असं, मावशी. घरी अजून कोण वापरतं?"

"सून. दुसरं कोन हाय?"

मी ‘तीच असणार’ अशी मान हलवली.

पुढे एकदा मासे घेताना विचारलं, मोबाईल बरा आहे ना? तिने कमरेच्या पिशवीवर थाप मारली. "हितंच ऱ्हातो. सुनंला हात न्हाय लावू देत. पोराचा फोन आला की मीच धरते तिच्या कानाला."

सासूने कानाला धरलेल्या फोनवर नवऱ्याशी काय बोलत असेल ती? आणि मी — त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं होतं, पुराव्याशिवाय कामगारावर आळ घेऊ नका म्हणून. एक प्रत मावशीला दिली. तिने त्यातच मला बोंबील बांधून दिले.

नोकरी जायची भीती नव्हती. मालक हसून सोडून देणारा माणूस. मला फक्त ते 'झकास' गमावायचं नव्हतं. त्या सुनेचं नावसुद्धा मला माहीत नाही.

हे सगळं पत्रक म्हणून उद्या छापून येतंय. पहिली प्रत घेऊन डोंगरीच्या बसमध्ये बसतोय — मावशीच्या दारात, सुनेला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचणार.

तुम्ही एवढंच करा. तुमच्या मोबाईलवरचा गार्ड सोला. खालचा ओरखडा पट्टीने आखल्यासारखा सरळ असेल, तर तो नखाचा नाही. ज्याला बोल लावलात, त्याला आजच जाऊन तसं सांगा.