पाचवीची दहा मिनिटं

सकाळी अकराला आमचा लष्करी फ्लड रिलीफ कॉलम सीनाकाठच्या वस्तीवर पोचला. मी हवालदार, बोटीचा कमांडर. बावीस वर्षांच्या नोकरीत बर्फ पाहिला, वाळवंट पाहिलं. पण आपल्या सोलापुरात ड्युटी पहिल्यांदाच लागली. खोटं कशाला बोलू, मला भलताच हुरूप आला होता. लान्सनायक मारुती तर जवळच्याच होटगीचा. तो बोटीत शीळ वाजवत होता.

हुकूम सोपा होता. धरणातून आणखी पाणी सोडलंय, तेरा शून्य शून्यपर्यंत, म्हणजे दुपारी एकपर्यंत, वस्ती रिकामी करा. चार फेऱ्या आम्ही धडाक्यात मारल्या. शेवटचं घर उरलं. पाणी पायरीला लागलं होतं. आत बाळंतपणाला माहेरी आलेली सुनीता, तिची चार वर्षांची मुलगी आणि पाच दिवसांचं बाळ. सुनीताची आई दार अडवून उभी होती.

"आज पाचवी हाय. सटवाई पुजल्याबिगर लेकरू भाईर काढायचं न्हाय," आजी म्हणाल्या. "रातच्याला ती नशीब लिवायला येती. घर रिकामं दिसलं तर काय लिवील?"

"आई, पाणी बघ की," सुनीता रडकुंडीला आली होती. "दोन लेकरं घिऊन हितं कसं ऱ्हायचं?"

वायरलेस खरखरला. "बोट दोन, पाणी वेगानं वाढतंय. किती वेळ? ओव्हर."

मी म्हातारीला सरळ उचलणारच होतो. मारुती मध्ये आला.

"आज्जी, सटवाई लेकरापाशी येती की, घरापाशी कशाला? आत्ताच पुजू. पाटा-वरवंटा बी संगं घिऊ." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "उस्ताद, दहा मिनिटं."

घड्याळात बारा पंचवीस. मला ते पटलं नव्हतं. तरी म्हणालो, "दिली."

पाट्यावर हळदकुंकू पडलं. मारुतीने तो दगडी पाटा खांद्यावर मारला आणि आजी मुकाट्याने त्याच्यामागे बोटीत आल्या. मला हसू आवरेना. बारा पस्तीसला निघालो. जादा लाइफ जॅकेटं दोनच होती. ती दोघी बायकांना दिली. मारुतीने स्वतःचं काढून थोरल्या लेकीला गुंडाळलं.

काठ पन्नास मीटरवर असताना इंजिन बंद पडलं. कुणाच्या तरी उसातली ठिबकची नळी पंख्यात अडकली होती. बोट आडवी होऊन कलायला लागली. मी काही बोलायच्या आत मारुती चाकू घेऊन पाण्यात उतरला. दोन मिनिटांत नळी कापली. "मारा स्टार्टर," म्हणाला. इंजिन लागलं, त्याच वेळी मोठा लोंढा आला आणि त्याचा हात सुटला.

चौघं सुखरूप काठावर उतरली. मारुतीचा देह दुसऱ्या दिवशी सापडला.

होटगीला त्याच्या आईसमोर मी बसलो. सगळं सांगितलं. "मावशी, दहा मिनिटं आधी निघालो असतो तर लोंढा यायच्या आत पोचलो असतो. परवानगी माझी होती."

त्या म्हणाल्या, "त्या म्हातारीला वढून न्हेलं असतंस, तर माझ्या मारुतीनं तुला वढू दिलं असतं व्हय?"

"नसतं दिलं, मावशी," मी म्हणालो.