एकाहत्तरपाशी थांबलेला भागाकार

गणिताच्या बाईंना मुलं पाठीमागे 'फटाकडी' म्हणत. त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत त्या पेटल्याच होत्या. समोर एका मुलीची आई बसली होती.

"बाई, दहा हजार एकला भाग जातो, असं माझी मुलगी म्हणते. तुम्ही तिचं उत्तर चूक ठरवलंत आणि ती एका गुणाने नापास झाली."

"ती मूळ संख्या आहे, तिला कशानेही भाग जात नाही. पोरीला म्हणावं, आधी अक्कल चालव."

"मग एकदा करून दाखवा ना."

बाईंनी रागारागाने खडू उचलला. शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, हा नियम त्यांना पाठ होता. पण पेपर काढताना एकाहत्तरपाशी त्या कंटाळल्या होत्या. आता फळ्यावर त्यांनी पुढची संख्या घेतली, त्र्याहत्तर. भाग एकशे सदतीस वेळा गेला आणि बाकी उरली शून्य.

बाकीचे शिक्षक हसू दाबत वह्या तपासू लागले. बाईंचा पारा आणखी चढला, आता स्वतःवरच. त्यांनी उत्तरपत्रिका ओढली, गुण वाढवला, खाली सही ठोकली आणि आईवर खेकसल्या, "निकाल लागून आठवडा झाला. इतके दिवस घरी बसून काय करत होतात?"