चिंचेनं घासलेली सोन्याची तबकडी

म्हैसूरला नजरबादेत अंबाजीरावांच्या घरी नवा माणूस आला की आधी भिंतीकडेच बघत राहायचा. अकरा चौकटी, प्रत्येकीत काचेमागं एक सोनेरी तबकडी! "राव, तुम्ही गाता कधी?" असं कुणी विचारलं की अंबाजीराव पोट धरून हसायचे. नकाशे काढण्यात जन्म गेलेला हा माणूस आरतीतसुद्धा बेसूर. अमेरिकेतल्या खेडवळ गाण्यांची रेकॉर्ड दहा लाखांवर खपली, की कंपनी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना सोन्याचं पाणी दिलेली तबकडी द्यायची. त्या जुन्या तबकड्या हे गृहस्थ पत्रांवर पत्रं लिहून जमवायचे.

वेड लावलं डॅनीनं. अडुसष्ट साली हा ताडमाड अमेरिकन पोरगा जवळच्या येलवालला कुक्कुटपालन शिकवायला आला आणि विषमज्वरानं आडवा झाला. अंबाजीरावांच्या बायकोनं, भवानीबाईंनी, त्याला घरी आणून एकवीस दिवस गंजी, म्हणजे तांदळाची पेज, भरवली. "अय्यो, कुणा आईचं लेकरू हे!" बरा झाल्यावर त्यानं एक रेकॉर्ड ऐकवली, तीत त्याचा बाप फिडल वाजवत होता. पुढं बाप वारला तेव्हा बापाला मिळालेली तबकडी डॅनीनं पोस्टानं धाडली. सोबत चिठ्ठी : 'आईनं दिलीय, भवानीअम्मांच्या गंजीसाठी.' अकरांतली ती पहिली.

अठरा वर्षांनी भाद्रपदात डॅनीच्या बहिणीचं पत्र आलं. डॅनी अपघातात गेला. आईनं अंथरूण धरलंय. नवऱ्याची तबकडी एकदा हातात घ्यायची म्हणते. पाठवाल का?

"उद्याच धाडा," भवानीबाई म्हणाल्या.

"नवमी होऊ दे की ग. तीन आठवडे तर राहिले. देवापुढं ठेवून धाडू."

घर जुन्या म्हैसुरी शिपायांचं. खंडेनवमीला पणजोबांची तलवार पाटावर येणार, तिच्या शेजारी अडकित्ता, विळी, घरातलं एकूण एक हत्यार. पाटावर जे येईल ते चिंच आणि राखेनं घासायचं, मग कुंकू. त्या सकाळी अंबाजीरावांनी तबकडी चौकटीतून काढली, स्वतःच्या हातानं तलवारीशेजारी ठेवली आणि कोहळा आणायला बाजारात गेले.

परत येऊन बघतात तो तलवार लखलखतेय आणि शेजारी कल्हई केल्यासारखं पांढरं ताट! मधला कागद चोथा होऊन गेलेला. सोनं उरलं होतं ते काठाला, नखाएवढं.

"बघा, किती मळ निघाला!" भवानीबाई कौतुकानं म्हणाल्या. "लेक माहेरी धाडायची तर न्हाऊमाखू घालून धाडायला नको?"

"मळ नव्हता तो! सोनं होतं, सोनं!" अंबाजीराव असे कडाडले की शेजारच्या नागरत्नाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

भवानीबाईंचे चिंचेनं माखलेले हात तसेच राहिले. हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं हात लावू दिला नाहीत. आज तुम्हीच पाटावर ठेवलीत हो."



दुपारी अंबाजीरावांनी भिंतीवरची दुसरी एक तबकडी काढली. पत्रं लिहून दोन वर्षांनी मिळालेली. "हीच धाडतो. म्हातारीला काय कळतंय?"

"कळेल," भवानीबाई म्हणाल्या. "बायकोला कळतं."

मग पांढरीच बांधली. 'घासताना माझ्या हातून सोनं गेलं, क्षमा करा,' असं अंबाजीरावांनी स्वतःच्या नावावर लिहिलं.

संक्रांतीच्या सुमाराला उत्तर आलं. पार्सल पोचायच्या नऊ दिवस आधी आई गेली होती. बहिणीनं दोष दिला नव्हता, उलट आभारच मानले होते. पण त्या घरात पुढं कितीतरी दिवस कुणी 'तीन आठवडे' हे शब्द उच्चारले नाहीत.

वर्ष फिरलं. पुन्हा नवमी. भवानीबाईंनी तलवार घासली, विळी घासली. तबकड्यांच्या भिंतीजवळून जाताना त्या हात पदरात गुंडाळून घेत. वर्षभर तशाच जात होत्या. अंबाजीराव स्टुलावर चढले. एक चौकट उतरवली, उघडली, तबकडी पाटावर ठेवली आणि चिंचेची वाटी बायकोपुढं सरकवली.

"घास."

भवानीबाई तबकडीकडे बघत राहिल्या. मग पदराच्या कोरड्या टोकानं तिच्यावर पडलेली राख टिपली, बोटानं कुंकू लावलं आणि ती त्यांच्या हातात परत दिली.

"ठेवा वर," म्हणाल्या. "हिचीही आई असेल कुणीतरी. पत्र आलं तर त्याच दिवशी धाडा."