प्राचीचा गेम आणि बाथरूमची कडी

एका रविवारी, भर दुपारी साडेबारा वाजता, मी माझ्या सख्ख्या बायकोला बाथरूममध्ये कोंडून तिच्यावर पहारा बसवला.

तसा मी भित्रा नाही. आजोबा महूच्या फौजेत होते आणि मी शाळेत फिजिक्स शिकवतो. भूत नसतं, हे मी दरवर्षी नववीच्या मुलांना सिद्ध करून दाखवतो. (दिवसा. सगळे लाइट लावून.)

आमची प्राची कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने प्रोजेक्टसाठी भुताचा गेम बनवला होता, फक्त बारा मिनिटांचा. एका बेपत्ता माणसाचा कॅमेरा सापडतो आणि त्यातल्या शूटिंगमध्ये आपणच शिरून रिकाम्या घरात फिरायचं, अशी स्टोरी. शूटिंगला घर कुठलं? तर सुदामा नगरातलं आमचंच!

"पप्पा, सोमवारी सबमिशन आहे. कोणीतरी नवीन माणसाने खेळून फीडबॅक द्यायला पाहिजे. प्लीज ना!"

"दे की! मला काय फरक पडतो?"

"घाबराल, हां."

"मी? अगं, मी फिजिक्सचा माणूस आहे!"

तिने पडदे ओढले, माझ्या कानांवर हेडफोन चढवले, लॅपटॉप पुढे ठेवला आणि मैत्रिणीकडून पेनड्राइव्ह आणायला स्कूटीवर गेली. घरात मी एकटा. सुनंदा, म्हणजे माझी बायको, भाच्याच्या साखरपुड्याला सकाळीच सांवेरला गेली, असं मी धरून चाललो होतो. (ती दुपारी दीडच्या बसने जाणार होती आणि हे तिने मला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा मी पेपरातून "हं" म्हणालो होतो.)

स्क्रीनवर आमचा पॅसेज दिसत होता. कॅमेरा हलतोय, कानात कोणाचा तरी श्वास चालू आहे. पॅसेजच्या टोकाला आमच्याच बाथरूमचं दार हळूच करकरलं, जरासं उघडलं आणि बंद झालं. थोड्या वेळाने परत उघडलं. परत बंद! असं सात वेळा झालं. पोरीने काय टेन्शन बांधलंय, वा! खालच्या कोपऱ्यात काहीतरी बारीक अक्षरं होती, पण अशा वेळी वाचतं कोण?

आठव्यांदा दार करकरलं, तेव्हा मला राहवलं नाही. हेडफोन काढून मी मागे वळून आमच्या खऱ्या पॅसेजकडे बघितलं.

खरं दार उघडत होतं!

आतून एक चेहरा बाहेर आला. पांढराफटक. भुवया नाहीत, ओठ नाहीत, केस मोकळे! मी जी किंकाळी फोडली, ती माझ्याच गळ्यातून निघाली हे मला नंतर कळलं. धावत जाऊन मी दार धाडकन लोटलं आणि बाहेरून कडी घातली. (पळायचं सोडून भुताकडे धावलो, हा फौजी रक्ताचा गुण!)

आतून आवाज आला, "अओ! आअ उअआ!"

समोरचे तिवारीजी चप्पल न घालताच आले. "क्या हुआ मास्साब?"

"अंदर... अंदर कोई है!"

"चोर?"

"चेहरा नहीं है उसका!"

"नकाबपोश!" तिवारीजींनी निष्कर्ष काढला आणि जिन्यात जाऊन अख्ख्या बिल्डिंगला हाक मारली. पाच मिनिटांत आमच्या पॅसेजमध्ये एक बॅट, दोन वायपर आणि एक लाटणं जमा झालं. तिवारीजी दाराला तोंड लावून दम देत होते, "भिया, सरेंडर कर दो!"

आतून परत, "ऊं ऊं अओ!"

"गूंगा है बेचारा," लाटणंवाल्या काकू हळहळल्या.

कोणीतरी पोलिसांना फोन लावणार, तेवढ्यात प्राची आली. तिने गर्दी बघितली, मला बघितलं आणि विचारलं, "पप्पा, मम्मी कुठेय? तिला बसवर सोडायचंय मला."

दीडची बस मला तेव्हा आठवली.

प्राचीने कडी काढली. समोर सुनंदा! तोंडाला मुलतानी मातीचा लेप, वाळून कडक झालेला. साखरपुड्यासाठी लावलेला लेप तडकू नये म्हणून बाई ओठ न हलवता ओरडत होत्या! मला बघितल्यावर मात्र त्यांनी लेपाची पर्वा केली नाही. मातीचे तुकडे उडाले, शब्दही उडाले. तिवारीजी तर चेहऱ्याला तडे जाताना बघूनच जिन्यात पोहोचले होते.

दीडची बस चुकली. मी स्कूटरवरून सुनंदाला सांवेरला सोडलं. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. साखरपुड्यात मात्र सगळं सविस्तर बोलली.

संध्याकाळी प्राचीने फीडबॅकचा फॉर्म पुढे केला. भीती किती वाटली? मी प्रामाणिकपणे दहापैकी दहा दिले. वर शेराही लिहिला, 'दार वारंवार उघडतं, तो भाग फारच परिणामकारक.'

प्राचीने शेरा वाचला, लॅपटॉप बघितला आणि कपाळावर हात मारला.

"पप्पा, गेम सुरूच नाही झालाय! खाली लिहिलंय ना, स्टार्ट दाबा म्हणून. तुम्ही घाबरलात ते पहिल्या पानाला!"